चिंताजन्य श्वासकष्ट

चिंताजन्य श्वासकष्ट म्हणजे फुप्फुसे, हृदय किंवा रक्त यांचा कारणीभूत ठरेल असा विकार तपासणीत न आढळता वारंवार जाणवणारी आणि चिंतेशी किंवा भीतीशी जोडलेली श्वास अपुरा पडण्याची संवेदना होय. ‘श्वास पुरत नाही’, ‘श्वास वरच्या वर राहतो’, ‘जीव गुदमरतो’ अशा शब्दांत मराठी भाषक रुग्ण ती सांगतात. वैद्यकात तिचा अभ्यास अतिश्वसन, कार्यात्मक श्वसनविकार आणि पॅनिक विकार अशा परस्परांत मिसळणाऱ्या संज्ञांखाली केला जातो. ही संवेदना काल्पनिक नसते. मात्र ती बहुतेक वेळा प्राणवायूच्या कमतरतेमुळे होत नाही, आणि पुष्कळ रुग्णांत तर श्वास गरजेपेक्षा अधिक घेतला जात असतो. उपचाराची दिशा याच विसंगतीवर अवलंबून आहे.

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लोणावळा येथे १९२४ साली स्थापन झालेल्या कैवल्यधाम या संस्थेने श्वसनाच्या योगिक पद्धती प्रयोगशाळेत तपासण्यास सुरुवात केली. त्यामुळे श्वास आणि मन यांच्या संबंधाच्या आधुनिक भारतीय अभ्यासात या गावाला विशेष स्थान आहे.

स्वरूप

त्रास बहुधा शारीरिक श्रम चालू नसताना सुरू होतो. जेवून बसल्यावर, बसच्या प्रवासात, गर्दीच्या खोलीत किंवा झोप लागण्याच्या बेतात असताना रुग्णाचे लक्ष श्वासाकडे जाते आणि तो पुरा भरत नाही असे वाटू लागते. मग तो भरावा म्हणून दीर्घ श्वास, उसासे आणि जांभया सुरू होतात. अशा अनेक प्रयत्नांपैकी एखादा श्वास समाधान देतो, घटकाभर बरे वाटते आणि पुन्हा तीच ओढ लागते. काही रुग्णांत हे दिवसभर मंदपणे चालू राहते. काहींना अचानक झटका येतो. झटक्यात छाती आवळते, हृदय धडधडते, तोंडाला कोरड पडते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, डोके हलके होते. क्वचित हाताची बोटे एकमेकांना चिकटून ताठ होतात व मनगट आत वळते. घरच्यांना तो अर्धांगवायू किंवा फिट वाटतो आणि त्यांच्या घाबरण्याने रुग्णाची भीती आणखी वाढते. आपण आता मरणार, अशी खात्रीच त्या काही मिनिटांत रुग्णाला झालेली असते. झटका साधारण दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि नंतर ओसरतो, परंतु थकवा व पुढच्या झटक्याची धास्ती मागे राहते. ही धास्ती पुढे स्वतःच नव्या झटक्याचे निमित्त होते.

शरीरक्रिया

श्वास किती घ्यायचा हे सामान्य परिस्थितीत प्राणवायूवरून ठरत नाही. जॉन स्कॉट हॉल्डेन व जॉन प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले की, श्वसनाचे दैनंदिन नियमन मुख्यतः फुप्फुसांतील हवेत असलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावर चालते. हे प्रमाण किंचित वाढले की श्वसन वाढते, घटले की मंदावते. धमनीतील रक्तात या वायूचा दाब सामान्यतः पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटर इतका असतो. निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते.

भीतीच्या प्रसंगी शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करते आणि श्वसन वाढते. प्रत्यक्षात पळावे लागले, तर स्नायू जादा कार्बन डायऑक्साइड तयार करतात व हिशेब जुळतो. बसल्याजागी भीती वाटली, तर मात्र हा वायू तयार होतो त्याहून वेगाने बाहेर टाकला जातो आणि रक्तातील त्याचा दाब घसरतो. त्यामुळे रक्ताची आम्लता घटते, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके होते. रक्तातील मुक्त कॅल्शियमचे प्रमाणही कमी होते. मुंग्या व बोटांचे आखडणे त्यातून उद्भवते. शिवाय क्रिस्टियान बोर यांनी १९०४ साली वर्णन केलेल्या परिणामानुसार, कार्बन डायऑक्साइड घटला की हिमोग्लोबिन प्राणवायूला अधिक घट्ट धरून ठेवते. रक्तात प्राणवायू भरपूर असतो, पण तो ऊतींना तितक्या सहजपणे सोडला जात नाही.

श्वास ‘पुरा भरत नाही’ असे वाटण्यास आणखी एक साधे यांत्रिक कारण आहे. घाबरलेला माणूस छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतो आणि आधीचा श्वास पुरता बाहेर सोडण्याआधीच पुढचा आत ओढतो. फुप्फुसे आधीच फुगलेली असतात. काठोकाठ भरलेल्या हंड्यात पाणी ओतावे तसा हा प्रयत्न होतो. नवा श्वास आत जात नाही याचे कारण जुना बाहेर गेलेला नसतो. तरीही अशा वेळी भोवतालची माणसे देतात तो सल्ला ‘मोठा श्वास घे’ हाच असतो.

सर्वच रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कमी आढळतो असे मात्र नाही. १९९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात रुग्णांना मुद्दाम अतिश्वसन करायला लावण्यात आले. एका फेरीत या वायूची पातळी घसरू दिली गेली आणि दुसऱ्या फेरीत, रुग्णांना कळू न देता, ती बाहेरून वायू पुरवून स्थिर राखली गेली. पुष्कळ रुग्णांना दोन्ही फेऱ्यांत आपली ओळखीची लक्षणे जाणवली. त्यामुळे रसायनाइतकाच शरीराच्या संवेदनांचा लावलेला अर्थही महत्त्वाचा ठरतो, हे मान्य झाले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार मेंदूत गुदमरण्याचा इशारा देणारी यंत्रणा असते आणि पॅनिक विकारात ती विनाकारण वाजते. ही उपपत्ती वादग्रस्त असली तरी रुग्णांच्या अनुभवाशी बरीच जुळते.

इतिहास

श्वासाच्या विकारांचे वर्गीकरण आयुर्वेदात प्राचीन आहे. चरकसंहितेत महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास असे पाच प्रकार सांगितले आहेत. मनाशी असलेला श्वासाचा संबंध मात्र योगग्रंथांत अधिक स्पष्टपणे येतो. पतंजलीच्या योगसूत्रांतील पहिल्या पादाच्या ३१ व्या सूत्रात चित्तविक्षेपाची सोबत करणाऱ्या गोष्टींत दुःख, मनाची खिन्नता आणि अंगाचा कंप यांच्या जोडीने बिघडलेल्या श्वास-प्रश्वासाची गणना केली आहे. आजच्या पॅनिक विकाराच्या लक्षणयादीशेजारी हे सूत्र ठेवले तर साम्य लक्षात येते. ३४ व्या सूत्रात चित्ताच्या प्रसन्नतेसाठी जो उपाय येतो, त्याची सुरुवात श्वास बाहेर सोडण्यापासून होते.

पाश्चात्त्य वैद्यकात हा विषय प्रथम सैनिकांच्या संदर्भात आला. जेकब मेंडेस दा कोस्टा यांनी १८७१ साली अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये धडधड, छातीतील वेदना व धाप यांचा असा समूह नोंदवला, ज्यामागे हृदयाचा दोष सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धात टॉमस लुईस यांनी त्याचाच पुन्हा अभ्यास केला. अतिश्वसन व चिंता यांची सांगड घालणारी संज्ञा १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाली. पुढे इंग्लंडमधील पॅपवर्थ रुग्णालयात क्लॉड लम आणि तेथील भौतिकोपचारतज्ज्ञांनी पोटाने सावकाश श्वास घेण्याची पद्धत शिकवण्यास प्रारंभ केला.

लोणावळ्यातील कार्य

कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी शारीरिक शिक्षण घेतले आणि मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडे योगसाधना केली. १९२० च्या सुमारास त्यांनी बडोद्यातील एका रुग्णालयात क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने उड्डियान व नौली या क्रियांचा अभ्यास केला. योगाबद्दलची विधाने श्रद्धेने स्वीकारण्याऐवजी मोजून पाहावीत, हा त्यांचा आग्रह होता. लोणावळ्यात संस्था उभी राहिली त्याच वर्षी तिचे ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले आणि प्रयोगांचे निष्कर्ष त्यातून प्रसिद्ध होऊ लागले.

कुवलयानंदांच्या लेखनातील एक प्रतिपादन या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे, ही समजूत तेव्हाही होती व आजही आहे. श्वसनातील वायूंची मोजमापे केल्यानंतर कुवलयानंदांनी ती नाकारली. प्राणायाम चालू असतानाच्या मिनिटांत मिळणाऱ्या प्राणवायूपेक्षा श्वसनयंत्रणेला व मज्जासंस्थेला लागणारे वळण, जे उरलेल्या दिवसभर टिकते, ते त्यांना महत्त्वाचे वाटले. शरीरशास्त्रही याला पुष्टी देते. निरोगी माणसाच्या धमनीतील हिमोग्लोबिन साध्या श्वसनातच ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेले असते, त्यामुळे जोरजोरात श्वास घेऊन त्यात भर घालण्यास फारसा वाव उरत नाही. श्वासाची हाव सुटलेल्या माणसाला नेमके हेच पटणे अवघड जाते.

त्रावणकोरचे मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहानन अमेरिकेतील येल विद्यापीठातून १९३० च्या दशकाच्या आरंभी कुवलयानंदांकडे शिकण्यास आले. त्यांचा योगाच्या वैज्ञानिक मूल्यमापनावरील ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. प्राणायामानंतर काही काळ बौद्धिक चाचण्यांतील कामगिरी मंदावते, असा प्रतिकूल वाटणारा निष्कर्षही त्यांनी मोकळेपणाने नोंदवला. त्याचबरोबर साधनेमुळे भावनिक स्थैर्य येते, असे त्यांचे मत होते. १९६० च्या दशकात कैवल्यधामातील डॉ. म. वि. भोळे यांनी दम्याच्या रुग्णांवरील योगोपचाराचे निष्कर्ष ‘योगमीमांसा’त मांडले. संस्थेने १९७० साली हठप्रदीपिकेची चिकित्सित आवृत्तीही प्रकाशित केली.

मावळची हवा

लोणावळा व खंडाळा ही शंभराहून अधिक वर्षे हवापालटाची ठिकाणे मानली गेली आहेत. श्वासाचा त्रास असणाऱ्यांना येथे पाठवण्याची प्रथा त्यातूनच आली. येथे येऊन श्वास विरळ हवेमुळे लागतो असेही काही पर्यटकांना वाटते. लोणावळ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब साधारण सात टक्क्यांनी कमी असतो, आणि निरोगी व्यक्तीच्या रक्तातील प्राणवायूवर त्याचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही. दमटपणाचे मात्र तसे नाही. घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, बंद घरांच्या भिंतींना बुरशी येते, आणि दमा असलेल्यांना ती खरोखर बाधते. पावसाळ्यात मावळात श्वास लागणाऱ्या प्रत्येकाला ‘टेन्शन’ आहे असे समजणे म्हणूनच धोक्याचे आहे.

निदान

चिंताजन्य श्वासकष्ट हे निदान इतर कारणांचा योग्य शोध घेतल्यानंतर करायचे असते. दमा, हृदयविकार, थायरॉइडचा अतिस्राव, फुप्फुसातील रक्ताची गुठळी, न्यूमोनिया आणि मधुमेहातील आम्लरक्तता यांत श्वास वाढतो. घबराटही त्यांच्या सोबतीने येऊ शकते. भारतात सर्वांत सहज निसटणारे कारण रक्तक्षय हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. धाप लागते अशी तक्रार करणाऱ्या स्त्रीला हिमोग्लोबिन न तपासता ‘मनाला लावून घेऊ नका’ असे सांगून परत पाठवणे ही गंभीर चूक ठरते. कोविड साथीनंतर घरोघरी आलेला ऑक्सिमीटर येथे पुरेसा नाही, कारण तो असलेले हिमोग्लोबिन किती भरले आहे हे दाखवतो, हिमोग्लोबिन किती आहे हे दाखवत नाही.

रुग्णाच्या हकिकतीतून पुष्कळ कळते. लोहगडाच्या पायऱ्या नेहमीच्या वेगाने चढून जाणाऱ्या, पण घरी खुर्चीत बसल्यावर श्वास अपुरा पडणाऱ्या तरुणाचा त्रास कार्यात्मक असण्याची शक्यता अधिक असते. याउलट काल सहज चढता येणारा जिना आज चढवत नसेल, तर कारण शरीरात शोधावे लागते. आडवे झाल्यावर वाढणारी धाप, पायांवर सूज, छातीतून हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, एकाच पोटरीची सूज, ताप, कफातून रक्त, ओठांचा निळेपणा आणि ऑक्सिमीटरवर ९४ हून कमी आकडा ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दमा व चिंता एकाच व्यक्तीत एकत्र असणे असामान्य नाही, त्यामुळे एक सापडले म्हणून दुसरे वगळता येत नाही.

साध्या रुग्णाला सामान्यतः शारीरिक तपासणी, रक्ततपासणी, हृदयालेख, छातीचा क्ष-किरण आणि श्वसनक्षमतेची चाचणी पुरते. नेदरलँड्समधील नाइमेखेन या शहराच्या नावाने ओळखली जाणारी १६ प्रश्नांची प्रश्नावलीही वापरतात. तपासण्या सामान्य आल्यानंतर त्या पुन्हापुन्हा करून घेण्याने मिळणारा दिलासा अल्पजीवी असतो. ‘काहीही झालेले नाही’ हे वाक्यही रुग्णाला पटत नाही, कारण काहीतरी होत असल्याचे त्याला प्रत्यक्ष जाणवत असते. शरीरात काय घडते हे समजावून सांगणे हा उपचाराचा पहिला भाग मानला जातो.

झटक्याच्या वेळी

प्राणघातक कारण नसल्याची खात्री झालेली असेल, तर झटक्यात आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष द्यायचे असते. खुर्चीत किंचित पुढे झुकून, कोपरे मांड्यांवर टेकवून खांदे सैल सोडल्यास छातीच्या वरच्या स्नायूंवरील ताण कमी होतो. श्वास नाकाने हळू आणि थोडाच घ्यावा. सोडताना ओठ शीळ घातल्यासारखे आकुंचित करून त्याला अधिक वेळ द्यावा आणि पुढचा श्वास येण्याआधी क्षणभर थांबावे. आत तीन, बाहेर पाच किंवा सहा असे आकडे मनात मोजता येतात. आकडा नेमका कोणता, याला फारसे महत्त्व नाही. मोजण्याची धडपडच श्वासाला पुन्हा घाई लावत असेल तर ती सोडून द्यावी. सोबतच्या माणसाने गर्दी हटवावी, शांत आवाजात बोलावे आणि रुग्णाला छोट्या वाक्यांत बोलते करावे. बोलताना श्वास आपोआप बाहेर सोडावा लागतो.

कागदी पिशवीत श्वास घेण्याचा उपाय पूर्वी सर्रास सांगितला जात असे. आता तो सुचवला जात नाही. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार चिंता समजून रुग्णाच्या तोंडावर पिशवी धरली गेल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना १९८९ साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदवल्या गेल्या आहेत.

दीर्घकालीन उपचार

रोज दहा-पंधरा मिनिटे संथ श्वसनाचा सराव केल्यास शरीराला ते वळण अंगवळणी पडते. इटलीतील लुचानो बेर्नार्दी व सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवले की, जपमाळेवरील ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र या दोहोंच्या उच्चारात श्वसन मिनिटाला सुमारे सहापर्यंत खाली येते. वेगवेगळ्या परंपरांना एकच गती सापडावी, हे लक्षणीय आहे.

श्वसनाच्या व्यायामांचा पुरावा अजून मर्यादित आहे. २०१३ साली कॉक्रेन संस्थेने अतिश्वसनावरील व्यायामांचा आढावा घेतला, तेव्हा निष्कर्ष काढण्यापुरते चांगले अभ्यास उपलब्ध नव्हते. पॅनिक विकारात बोधात्मक वर्तनोपचाराची उपयुक्तता अधिक भक्कमपणे सिद्ध झाली आहे. या उपचारात रुग्णाला भीतीदायक संवेदना जाणूनबुजून, सुरक्षित वातावरणात अनुभवायला लावतात. जिना भरभर चढणे किंवा मिनिटभर जोरात श्वास घेणे अशा साध्या कृतींतून धडधड व चक्कर येते आणि आपोआप जाते, हे तो स्वतः पाहतो. श्वासावरील नियंत्रणच कवच बनले, म्हणजे ‘मोजून श्वास घेतला म्हणून वाचलो’ असे वाटू लागले, तर भीती कायम राहते, अशीही टीका काही संशोधकांनी केली आहे. खिशातील गरज नसलेला इन्हेलर, तासातासाला लावलेला ऑक्सिमीटर आणि दाराजवळचीच जागा धरून बसणे यांनाही ती लागू पडते.

त्रास तीव्र असल्यास मनोविकारतज्ज्ञ सिरोटोनिनवर कार्य करणारी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. झटक्यावर त्वरित लागू पडणाऱ्या झोपेच्या व गुंगीच्या गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या अल्पकाळच वापरल्या जातात. चहा-कॉफीचे प्रमाण कमी केल्याने काहींची धडधड घटते. नियमित चालणे विशेष उपयोगी पडते, कारण त्यात वाढलेल्या श्वासाला खरे कारण असते आणि दम लागणे म्हणजे संकट नव्हे याची शरीराला सवय होते.

प्राणायामाविषयी दक्षता

प्राणायाम हा शब्द अनेक परस्परविरुद्ध क्रियांना लावला जातो. कपालभाती व भस्त्रिका यांत श्वसन मुद्दाम वेगवान केले जाते. ज्याचा आजारच अतिश्वसनाचा आहे, त्याला त्यांमुळे चक्कर, मुंग्या आणि प्रसंगी झटका येऊ शकतो. हठप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात सिंह, हत्ती व वाघ यांना हळूहळू वश करावे तसा वायू वश करावा असे सांगून, अयोग्य अभ्यासाने उचकी, श्वास, कास आणि डोके, कान व डोळे यांच्या वेदना होतात असा इशारा दिला आहे. श्वासाचा विकार ज्या साधनेने बरा होतो तिच्यानेच तो जडूही शकतो, हे त्या ग्रंथकाराला ठाऊक होते. कुवलयानंदांच्या परंपरेत नवशिक्याला आरंभी कुंभक न देता, पूरकाच्या दुप्पट वेळ रेचक करण्यास शिकवतात. चिंताजन्य श्वासकष्टाच्या रुग्णाने श्वास रोखून धरण्याचे आणि वेगवान श्वसनाचे प्रकार टाळून, त्रासाची कल्पना दिलेल्या प्रशिक्षकाकडूनच सुरुवात करणे श्रेयस्कर ठरते. सरावात श्वासाची हाव वाढू लागल्यास तो थांबवून साध्या श्वसनावर येणे आवश्यक असते.

मानसिक आरोग्यासाठी भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलिमानस’ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली. ती १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असून मराठीतूनही बोलता येते.